दुभाषी घरी येते

घरात शिरल्या शिरल्या मैनाला दिसली ती पाटी. जुन्या चादरीत गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी केलेली, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखी. तिच्याकडे बघायचं नाही असा घरात जणू ठराव झाला होता, त्यामुळे जो तो येता-जाता नेमका तिकडेच बघत होता.

पाटीवर काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. खाली चष्म्याच्या दुकानावर वडिलांच्या काळापासून जी पाटी होती, तिच्यावर आडनावापुढे ‘आणि मुलगे’ असं रंगवलेलं होतं. दादाने कुणाला न सांगता नवी करून घेतली, आणि तिच्यावर लिहून घेतलं ‘आणि कन्या’. लेकीचा निकाल लागला की त्याच दिवशी ती चढवायची, असा त्याचा बेत. निकाल लागला, चांगला लागला, आणि लेकीने जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं की तिला दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात स्पॅनिशला प्रवेश मिळाला आहे. दादाने पानातला घास पानातच ठेवला. त्या रात्रीपासून बापलेकीत अबोला. पंधरवडा उलटून गेला होता आणि उद्या दुपारपर्यंत विद्यापीठाला होकार कळवायचा होता. बापाचा शब्द मोडून जाणाऱ्यातली ती पोर नव्हती, आणि लेकीपुढे आपण होऊन तोंड उघडणाऱ्यातला तो बाप नव्हता.

मैनाला बोलावणं आलं होतं ते दोघांचंही. शुक्रवारी सकाळी दादाचा फोन, “रविवारी ये. पोरीला चार गोष्टी सांग.” त्याच संध्याकाळी त्याच्या लेकीचा, भिंगरीचा, “आत्या, रविवारी ये ना. बाबांना चार गोष्टी सांग.” एकाच घरातून एकाच दिवशी दोन आमंत्रणं. मैनाच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. एरवी तिची आठवण व्हायची ती एखाद्या औषधाच्या खोक्यावरचं बारीक छापलेलं काही वाचून घ्यायला. आताही ती कुणालाच नको होती, तिचं तोंड हवं होतं. हे तिला पुरतं कळत होतं, आणि तरीही तिने आदल्या दिवशीच कपड्यांना इस्त्री करून ठेवली होती.

मैना हे तिचं नाव नव्हे. विद्यापीठात असताना ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसून स्पॅनिश क्रियापदं घोकायची, तेव्हा वडिलांनी ठेवलेलं हे नाव. पिंजऱ्यातली मैना बोलते खूप, पण तिचं स्वतःचं असं त्यात काय असतं, असं ते गिऱ्हाइकांना हसून सांगत. नाव चिकटलं ते चिकटलंच.

स्वयंपाकघरात वहिनी वाटाणे सोलत बसली होती. मैनाला बघून तिने शेंगांचा ढीग तिच्याकडे सरकवला. बस म्हणण्याची तिची तीच रीत.

“घसा बसलाय माझा,” वहिनी म्हणाली. “तिला सांग जेवून घे. त्यांना सांग भूक नाही. तिला सांग दिवा मालव. त्यांना सांग मी वाचतेय. दोघं एकाच खोलीत असतात हो, मैनाताई. हाताच्या अंतरावर. आणि मी इथून उठून मध्ये जाऊन उभी राहायची.”

“पोस्टमनचं काम.”

“पोस्टमनला निदान सुट्टी असते.” वहिनीने दाराकडे बघून आवाज खाली आणला. “माझ्या मनातलं विचाराल तर तिने जावं. दुकानात बसून हिच्या बापाची पाठ वाकलेली मी बघितली आहे. पण हे मी म्हणाले असं म्हणू नका.”

“तुम्हीच म्हणा की.”

“मी म्हटलं तर मी लाडावून ठेवलंय असं होतं. तुम्ही म्हटलं तर ते अनुभवाचे बोल.”

तेवढ्यात धाकटा आत आला आणि उभ्या उभ्या वाटाणे तोंडात टाकू लागला. हा मैनाचा पाठचा भाऊ. दुकानात दादाच्या शेजारच्या खुर्चीवर त्याचं आयुष्य गेलं होतं आणि ती खुर्ची दादाच्या खुर्चीपेक्षा जरा बुटकी होती.

“जाऊ द्या की पोरीला,” तो मोठ्याने म्हणाला, बाहेर ऐकू जाईल इतपत. “जग बघू दे. स्पॅनिशला केवढी मागणी आहे आज. नाही का गं, ताई?”

वहिनीने मान वर केली नाही, पण तिच्या बोटांतली शेंग जरा जोरात फुटली. भिंगरी गेली की दुकान कुणाकडे राहणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. धाकट्याला त्या शेंगेचा अर्थ कळला. तो मैनाच्या शेजारी टेकला आणि एकदम खरं बोलून गेला.

“मला पोरीचं वाईट करायचं नाही गं. पण ती पाटी बघितलीस? ‘मुलगे’मध्ये निदान मी मावत होतो. नव्या पाटीवर मी कुठेच नाही.”

मैनाने पुढची शेंग सोलली. ती ना जुन्या पाटीत मावली होती, ना नव्या. जुनी पाटी चढवली त्या दिवशी शिडी तिनेच धरली होती.

दादा खाली दुकानात होता. रविवारी दुकान बंद असायचं, पण घरात अबोला असला की माणसाला सुट्टीच्या दिवशीही काम निघतं. शटर अर्धं ओढलेलं, आतला एकच दिवा चालू, आणि दादा चाकावर काच घासत बसलेला. भिजल्या काचेचा तो बारीक किरकिर आवाज मैनाला लहानपणापासून ओळखीचा होता. त्या आवाजावर ती झोपायची.

“आलीस,” तो म्हणाला. मग चाक थांबवून तिच्याकडे नीट बघितलं. “डोळे लाल आहेत तुझे. नंबर वाढलाय. बस.”

“नाही वाढला, दादा.”

“बस म्हणतो ना.”

ती उंच खुर्चीत बसली. त्याने तिच्या नाकावर तपासणीची जड चौकट ठेवली, एक एक भिंग घालून बघितलं, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली, अगदी खालची ओळसुद्धा. सगळी तिने वाचली. मग छोटी बॅटरी घेऊन तो तिच्या डोळ्यांत इतक्या जवळून वाकून बघू लागला की त्याचा श्वास तिच्या गालाला लागत होता. कितीतरी वर्षांत कुणी तिच्या इतकं जवळ आलं नव्हतं.

“काही दोष नाही,” तो शेवटी म्हणाला, जरा निराश होऊन. “धूळ गेली असेल.”

रडलीस का, असं विचारायचं त्याला सुचलं नाही. चष्मेवाल्याला डोळ्यात नंबर दिसतो.

आणि विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. मैना परदेशातल्या दवाखान्यांसाठी फोनवरून दुभाष्याचं काम करायची. एका कानात इंग्रजी बोलणारा डॉक्टर, दुसऱ्या कानात स्पॅनिश बोलणारं कुणीतरी, आणि मध्ये ही, आपल्या भाड्याच्या खोलीत कपाटाच्या शेजारी आवाज घुमू नये म्हणून गादी टेकवून बसलेली. तिकडे उजाडायचं तेव्हा इकडे दिवस मावळायचा, म्हणून जग घरी परतू लागलं की हिचं काम सुरू. आज पहाटे काम संपता संपता एक आई होती. तिच्या मुलाचं काय झालं ते डॉक्टर सांगत होता, आणि ते त्या आईला मैनाच्या आवाजात कळलं. मग त्या आईने जे विचारलं तेही मैनानेच विचारलं, डॉक्टरला, इंग्रजीत, माझा मुलगा कुठे आहे म्हणून. या कामात ‘ती म्हणते की’ असं म्हणायचं नसतं. समोरचा ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानेही ‘मी’ म्हणायचं. काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही, आणि फोन ठेवला की जे ऐकलं त्यातलं अक्षरही कुणाला सांगायचं नाही. पोटात ठेवायचं. मैनाच्या पोटात इतक्या घरांची दुःखं होती की तिला कधीकधी जेवण नकोसं व्हायचं.

दादाने चौकट काढून पुसली. “एक खरं सांग. तुला काय मिळालं स्पॅनिश शिकून?”

“पोट भरतं.”

“पोट तर कशानेही भरतं. तुझ्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं?”

“एक जण शाळेत शिकवते. एक जण जहाजाने माल पाठवणाऱ्या कंपनीत आहे, तिकडच्या लोकांशी दिवसभर भांडतो आणि मजेत असतो. एक जण सिनेमांखालच्या ओळी लिहिते. एकीने तिकडचा नवरा केला. एकाने मोबाइलचं दुकान काढलं, त्याला आता नमस्कारसुद्धा आठवत नसेल.”

“आणि तू?”

“माझं तुला माहीतच आहे. वकिलातीत लागायचं म्हणून शिकले. मग धुलाई यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतर केली, पाहुण्यांना गाव दाखवत हिंडले. मग हे.”

“हेच सांग तिला,” दादा म्हणाला. “जसं आहे तसं. तिखटमीठ लावू नकोस. माझं म्हणणं इतकंच, की तिने डोळे उघडून बघावं.”

त्याने चाक पुन्हा सुरू केलं. मैना थोडा वेळ उभी राहिली. आपण जेवायला थांबणार आहोत का, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण ते तिचं तिलाच लाजिरवाणं वाटलं.

दुपारी सगळे वरच्या खोलीत जमले. मैनाची आई खिडकीपाशी, नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली म्हणून काळा चष्मा लावून, एखाद्या पाळतीवरच्या हवालदारासारखी बसली होती. दादा एका टोकाच्या खुर्चीवर, भिंगरी दुसऱ्या टोकाला जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन. लहानपणी दुकानभर गरगर फिरायची म्हणून आजोबांनी ठेवलेलं तिचं नाव, पण आज ती खिळून बसली होती. धाकटा दाराला टेकून. वहिनी आली, पदराला हात पुसले आणि जाहीर करून टाकलं, “आज माझी सुट्टी. हे काम मैनाताईंचं. त्यांना त्याचा पगार मिळतो.”

धाकटा हसला. मैना मात्र उठली आणि खुर्ची ओढून बरोबर दोघांच्या मध्ये बसली, किंचित मागे. सवयच होती ती.

“मी जे ऐकेन तेच बोलेन,” ती म्हणाली. “काही गाळणार नाही, काही घालणार नाही. एका वेळी एकानेच बोलायचं.”

“बरं बरं,” दादा म्हणाला. घसा साफ केला. “तिला सांग, दुकान काही आकाशातून पडलेलं नाही. आजोबांनी रस्त्याच्या कडेला छत्री लावून चष्मे विकले तेव्हा ते उभं राहिलं.”

मैना भिंगरीकडे वळली. “दुकान काही आकाशातून पडलेलं नाही. आजोबांनी रस्त्याच्या कडेला छत्री लावून चष्मे विकले तेव्हा ते उभं राहिलं.”

“त्यांना सांग, मी दुकान मोडायला निघाले नाही,” भिंगरी गुडघ्यांत बोलली. “मला फक्त चष्मे करायचे नाहीत.”

“बाबा, मी दुकान मोडायला निघाले नाही. मला फक्त चष्मे करायचे नाहीत.”

दादा दचकला. ‘बाबा’ हा शब्द पंधरवड्यात त्याच्या कानावर पडला नव्हता, आणि आता पडला तो बहिणीच्या तोंडून. आईने मान तिरकी केली. “हे काय गं भलतंच. दोघांचे आवाज एकाच नरड्यातून.” पण तिला कुणी उत्तर दिलं नाही, कारण गाडी चालू झाली होती. वहिनीने पंधरा दिवस निरोप नेले होते ते गोड करून, कडा घासून, आणि म्हणूनच ते कुठेही पोचत नव्हते. आता शब्द जसाच्या तसा जात होता.

“तिला विचार, भाषा शिकायला तेवढं लांब कशाला? क्लास इथे नाहीत का?”

“क्लासमध्ये दुकानदारीपुरतं शिकवतात. मला पुस्तकं वाचायची आहेत, तिथल्या लोकांशी भांडता यायला हवंय, स्वप्न पडलं तर त्या भाषेत पडायला हवंय.”

“आणि मग? स्वप्नं विकून खाणार?”

“मला माहीत नाही. कदाचित शिकवीन. कदाचित पुस्तकं भाषांतर करीन. बाबा, तुम्हाला तरी ठाऊक होतं का, तुम्ही चष्मे करणार की काय करणार? तुम्हाला कुणी विचारलं होतं?”

हे मैनाने म्हटलं तेव्हा दादाचा चेहरा लाल झाला. कारण त्याला खरंच कुणी विचारलं नव्हतं. धाकटा दारातून म्हणाला, “बरोबर बोलतेय पोरगी,” आणि वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की तो दाराच्या पलीकडे अर्धा गेला.

दुभाष्याचं एक असतं. सुरुवातीला लोक त्याच्याकडे बघून बोलतात. जरा वेळ गेला, बोलणं रंगात आलं, की ते त्याला विसरतात, जसं माणूस नाकावरचा चष्मा विसरतो. मैनाला याची इतकी सवय होती की तीही स्वतःला विसरायची. दादाही आता विसरला. तो मैनाकडेच तोंड करून बोलत होता, पण ती त्याला दिसत नव्हती.

“तिला सांग,” तो ओरडून म्हणाला, “भाषा शिकून काय होतं ते बघायला लांब जायला नको. आपल्या आत्याकडे बघ म्हणावं. ना घर ना दार. ना मागे कुणी ना पुढे कुणी. दिवस मावळला की भिंतीशी बोलत बसते, सगळ्यांना दया येते म्हणून कुणी तोंडावर म्हणत नाही, इतकंच. तशीच गत होईल तुझी.”

मैना भिंगरीकडे वळली. पाठ ताठ, हात मांडीवर, आवाज सपाट.

“भाषा शिकून काय होतं ते बघायला लांब जायला नको. आपल्या आत्याकडे बघ. ना घर ना दार. ना मागे कुणी ना पुढे कुणी. दिवस मावळला की भिंतीशी बोलत बसते. सगळ्यांना दया येते म्हणून कुणी तोंडावर म्हणत नाही, इतकंच. तशीच गत होईल तुझी.”

एक शब्द गळला नव्हता. वहिनीचा हात तोंडाशी गेला आणि तिथेच राहिला.

“मैने,” दादा अडखळला. “मी... मला तसं नव्हतं म्हणायचं.”

आणि मैना, वर्षानुवर्षांच्या सवयीने, भिंगरीकडे बघत म्हणाली, “मैने, मी... मला तसं नव्हतं म्हणायचं.”

धाकट्याला हसू फुटलं आणि अर्ध्यावरच विरलं. मैनालाही कळलं की काहीतरी चुकलं, पण काय ते तिला लगेच उमगेना. तिच्या कानात पहाटेची ती आई होती, आता दादा होता, आणि त्या दोघांच्या मध्ये जिथे ती स्वतः असायला हवी होती तिथे काहीच ऐकू येत नव्हतं.

भिंगरी गुडघे सोडून पुढे सरकली. “आत्या,” ती म्हणाली, निरोप म्हणून नव्हे, सरळ. “तू एकटी आहेस?”

“दुभाषी स्वतःबद्दल बोलत नाही,” मैना म्हणाली.

हे वाक्य ती फोनवर रोज म्हणायची. ‘बाई, तुम्ही कुठल्या? तुम्हाला मुलं आहेत का?’ असं पलीकडून कुणी घाबरलेल्या माणसाने विचारलं, की म्हणायचं ठरलेलं वाक्य. घरात ते ऐकून तिचं तिलाच कसंतरी झालं.

खिडकीपाशी आईने काळा चष्मा काढला. “कोण दुभाषी?” ती म्हणाली. “मला इथे माझी मुलगी बसलेली दिसतेय. डोळे नवीन करून घेतलेत मी, आता मला फसवू नका. बोल गं.”

मैनाला बोलायला वेळ लागला. दुसऱ्याचं बोलायचं असतं तेव्हा शब्द आपोआप येतात.

“आहे,” ती म्हणाली. “एकटी आहे. दादा म्हणाला त्यात खोटं काही नाही. दिवसभर झोपते, संध्याकाळी उठते, आणि मग रात्रभर लोकांची बाळं जन्माला येतात आणि लोकांची माणसं मरतात, आणि सगळ्यांच्या वतीने मीच रडते नाहीतर मीच हसते. ते कुणाला सांगायचं नाही. पण खरं सांगू का, सांगायची परवानगी असती तरी सांगितलं कुणाला असतं? आज तुम्ही दोघांनी बोलावलंत. मी काल कपड्यांना इस्त्री केली, भिंगरे. या घरात यायचं म्हणून.”

ती पुढे बोलत गेली.

“पण हे स्पॅनिशने नाही केलं. विद्यापीठात पहिल्या वर्षी एक खोली होती, तिथे कानाला यंत्र लावून ऐकत बसायचं. एक दिवस त्यात एक मासेवाली ओरडत होती बाजारात, आणि मला एकदम सगळं कळलं. भाव, शिवी, शेजारणीला मारलेला टोमणा, सगळं. इतकं हसले मी तिथे. कुठल्या कोण बाईचं बोलणं माझ्या डोक्यात उजेडासारखं आलं. मी धावत घरी आले होते सांगायला. बाबा खाली होते, दादा होता. बाबा म्हणाले, बरं, तो काउंटर पुसून घे. मी पुसला. त्यानंतर मी काही सांगायला आले नाही, आणि कुणी विचारलंही नाही. एकटेपण तेव्हाचं आहे. ते इथलंच आहे.”

भिंगरीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. “मग मी जाऊ की नको?”

“काम मिळेल की नाही, कसं मिळेल, मी शब्द देत नाही. कुणाला चांगलं मिळतं, कुणाला माझ्यासारखं. मला पुन्हा अठरा वर्षांची केलं तर मी पुन्हा तेच शिकेन. तू जा. पण काही कळलं, हसू आलं, तर कुणाला तरी फोन कर. आणि इथे कुणीतरी तो उचलायला हवा. उचलणारं कुणी नसेल तर मग नको जाऊस.”

दादा दोन्ही हातांनी गुडघे धरून बसला होता. मैनाकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. त्याने ओठ हलवले, थांबला, मग भलत्याच दिशेला, जमिनीकडे बघून बोलला.

“भिंगरे.”

पंधरवड्यानंतर बापाने लेकीला मारलेली ती पहिली हाक.

“काय, बाबा?”

“तुझ्या आत्याला सांग... म्हणावं, जुनी पाटी चढवली तेव्हा शिडी तिने धरली होती. वर मी होतो. हातोडा माझ्या हातात होता. मी वाचलं त्या पाटीवर काय लिहिलंय ते. खाली ती उभी होती, तिलाही दिसत होतं. मी काही बोललो नाही. सांग तिला.”

भिंगरीने उलट्या हाताने नाक पुसलं. उठली, आत्यासमोर येऊन बसली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

“मैने,” ती म्हणाली, “जुनी पाटी चढवली तेव्हा शिडी तू धरली होतीस. वर मी होतो. हातोडा माझ्या हातात होता. मी वाचलं त्या पाटीवर काय लिहिलंय ते. खाली तू उभी होतीस, तुलाही दिसत होतं. मी काही बोललो नाही.”

एक शब्द गळला नव्हता. मैनाने खाली मान घातली आणि आज पहिल्यांदा स्वतःच्या वाट्याचं रडून घेतलं. आईने पुन्हा चष्मा लावला, तिलाही तेच करायचं होतं म्हणून.

बऱ्याच वेळाने दादा उठला. “उद्या सकाळीच कळवून टाक होकार,” तो सरळ लेकीला म्हणाला. “दुपारपर्यंत थांबू नकोस.” मग दारापाशी थांबून, वहिनीकडे बघत, “पानं घ्या. मैनापण जेवेल.”

भिंगरी गेली त्याला महिना होऊन गेला. तिला सोडायला मैना गेली नव्हती, मैनाच्या झोपेची वेळ होती ती. नंतर एकदा भिंगरीचा फोन आला, घाईघाईत, आजूबाजूला मुलींचा गलका, आणि तिने एक अख्खं वाक्य स्पॅनिशमध्ये म्हणून दाखवलं. उच्चार चुकीचा होता. मैनाने तो सुधारला नाही. फोन ठेवल्यावर खोली आधीपेक्षा रिकामी वाटली, हे मात्र खरं.

त्या संध्याकाळी तिला काम सुरू होता होताच एक म्हातारा मिळाला. त्याच्या बायकोला आत नेलं होतं आणि त्याला आत सोडत नव्हते. तो सारखा एकच विचारत होता, की तिला चष्मा दिलाय का, चष्म्याशिवाय ती घाबरते. मैनाने ते विचारलं, जितक्या वेळा त्याने विचारलं तितक्या वेळा. शेवटी डॉक्टर फोनवर आली आणि जे सांगायचं ते तिने सांगितलं, म्हणजे मैनाने सांगितलं. अशा फोननंतर थोडी सुट्टी घ्यायची मुभा होती. ती कानाचं यंत्र काढून गादीला टेकून बसली.

मोबाइल वाजला. दादा.

“काय काम होतं?” तिने विचारलं.

“काम नाही,” दादा म्हणाला. “ती जुनी पाटी उतरवली आज. नवी पण नाही लावली. नुसतं ‘चष्मे’ लिहून घेतलंय.”

“शिडी कुणी धरली?”

“धाकट्याने. खूश होता.” मागे चाकाची किरकिर चालू होती. दुकान बंद करायची वेळ झाली असणार, आणि वर जायला त्याचं मन होत नसणार, कारण वर आता गरगर फिरणारं कुणी नव्हतं. “तुझं काय? काय झालं आज कामावर?”

“सांगता येत नाही, दादा. नियम आहे.”

“हो. विसरलो.” चाक थांबलं. “मग नको सांगू. रडलीस का, तेवढं सांग.”

मैनाने गादीला डोकं टेकलं.

“हो,” ती म्हणाली.

“बरं,” दादा म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने पलीकडे चाक पुन्हा फिरू लागलं, आणि सुट्टी संपेपर्यंत ती ते ऐकत बसली.